टोपड्याला फुटलेले कान

बाळंतविड्यात पूर्वी काय काय असे, ते आठवून पाहा. झबली, लंगोट, जुन्या सुती लुगड्यांची मऊ दुपटी, पाठीवर रुळणारी खणाची कुंची आणि तीन-चार टोपडी. त्यातले एखादे टोपडे घरच्या आजीने, मावशीने वा आत्याने क्रोशाच्या सुईने विणलेले असे. बाळंतविडा आजही दिला जातो. पण तो बहुधा दुकानातून तयार खोक्यात येतो, आणि त्या खोक्यातल्या टोपड्याला हटकून दोन कान असतात. अस्वलाचे, मांजरीचे, नाहीतर सशाचे. ते पाहून घरातल्या वडीलधाऱ्यांना हसू येते, आणि ज्यांच्या बोटांना कधीकाळी क्रोशाची सवय होती त्यांच्या मनात एक विचार डोकावून जातो : हे तर मलाही जमले असते.

ते आजही जमेल. मात्र त्यासाठी एक पथ्य पाळावे लागेल. पूर्ण टोपडे विणण्याचा हट्ट सोडा आणि फक्त कान विणा.

यामागचा हिशेब साधा आहे. नवजात बाळाचे टोपडे मध्यम जाडीच्या लोकरीने, साडेतीन मिलिमीटरच्या सुईने मुक्या खांबात विणायचे म्हटले, तर दीड हजारांच्या आसपास टाके पडतात. अस्वलाच्या एका कानाला टाके लागतात चोपन्न. दोन कानांना एकशे आठ. जपमाळेचे मणी तेवढेच, आणि माळ ओढणाऱ्या बोटांना तेवढे अंतर ओळखीचे असते. सांधे धरलेल्या हाताने दीड हजार टाक्यांचे काम हाती घेतले, तर ते बहुधा अर्ध्यावर राहते. मग ते अर्धवट टोपडे कपाटातून आपल्याकडे पाहत बसते आणि ‘आता माझ्याने काही होत नाही’ ही समजूत घट्ट करते. एकशे आठ टाके दोन दुपारींत संपतात. उतारवयात हाती घेतलेले काम आपल्याच हाताने पुरे होणे, ही लहानसहान गोष्ट नाही. टोपडे बाजारातले साधे, सुती, बिनकानाचे आणा; कान तुमचे असू द्या.

टोपीला प्राण्यांचे कान लावण्याची हौस आजकालची नव्हे. चीनमध्ये लहान मुलांना वाघाच्या तोंडाची भरतकाम केलेली टोपी घालण्याची जुनी प्रथा आहे. तिला वाघाचे कान, डोळे, मिशा असतात, आणि त्या वाघाला पाहून अरिष्टे बाळापासून दूर राहतात अशी तिथली श्रद्धा. आपल्याकडे हे काम गालावरच्या काजळाच्या तिटाकडे आहे. ‘क्रोशा’ हा शब्द मात्र फ्रेंच. त्याचा अर्थ लहानशी आकडी. आयर्लंडमध्ये १८४० च्या दशकातल्या भीषण दुष्काळात याच आकडीने अनेक कुटुंबांना दोन घास मिळवून दिले. भारतात आंध्रातल्या नरसापूरच्या परिसरात मिशनऱ्यांनी शिकवलेले हे काम तिथल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी केले. आपल्या घरांत ते रुखवतातल्या रुमालांच्या आणि दाराच्या तोरणांच्या रूपाने स्थिरावले. तेव्हा ज्या बोटांनी ती तोरणे विणली, त्यांना कान परका वाटण्याचे कारण नाही.

पण आधी त्या बोटांची विचारपूस करू.

सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली असतात, मूठ पुरती वळत नाही, हा साठीपुढच्या अनेकांचा अनुभव आहे. अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा या वयात विशेष झिजतो, आणि क्रोशाची बारीक सुई चिमटीत धरताना नेमका त्याच सांध्यावर भार येतो. म्हणून सुई जाड मुठीची घ्या. रबरी मुठीच्या सुया बाजारात मिळतात. नाही मिळाल्या तर जुन्या सुईच्या दांड्याला सुती पट्टी गुंडाळा आणि वरून दोरा बांधा. दांडा अंगठ्याएवढा जाड झाला की चिमूट आवळावी लागत नाही. सुई पेनासारखी धरण्याची सवय असेल, तर एकदा ती विळीवरच्या नव्हे, साध्या सुरीसारखी मुठीत धरून पाहा. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखे वाटेल, पण अंगठ्याला आराम पडतो.

काम सकाळचा ताठरपणा ओसरल्यावर करावे. कोमट पाण्यात पाच मिनिटे हात बुडवून, पुसून, मग सुई हाती घेतली तर उत्तम. वीस मिनिटे झाली की थांबा, टाका अर्धा असला तरी थांबा. हात सैल सोडा, बोटे पसरा, मान फिरवा, उठून पाणी प्या. थांबल्यावर दुखणे तासाभरात निवत नसेल, किंवा दुसऱ्या दिवशी हात सुजलेला दिसला, तर तुम्ही वीस नव्हे, दहाच मिनिटे विणायला हवे होते असे समजा. बोट वाकवल्यावर खटका बसून अडकत असेल, मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कळ येत असेल किंवा हाताला मुंग्या येऊन रात्री जाग येत असेल, तर विणकाम बाजूला ठेवून डॉक्टरांना हात दाखवा. मनगटाची ती कळ पुष्कळदा बाळाला काखेत धरून वारंवार उचलण्यानेही येते. नव्या आईला येते तशी आजीलाही येते. आणि मग दोष बिचाऱ्या सुईला मिळतो.

डोळ्यांसाठी दोन गोष्टी. खिडकीजवळ बसा, उजव्या हाताने विणत असाल तर उजेड डावीकडून येऊ द्या, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडणार नाही. आणि लोकर फिकी घ्या. काळ्या वा गडद निळ्या लोकरीतले घर तरण्या डोळ्यांनाही नीट दिसत नाही. बदामी, साय, फिका राखाडी, मोतिया हे रंग अस्वलालाही शोभतात आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या डोळ्यांनाही सोयीचे पडतात.

आता प्रत्यक्ष कान.

लोकर मऊ, न टोचणारी, तंतू न सुटणारी हवी. केसाळ, पिंजल्यासारखी लोकर दिसायला गोजिरी असते, पण तिचे तंतू बाळाच्या नाकातोंडात जातात. आपल्या हवेत मऊ सुती धागा सर्वांत चांगला. कृत्रिम लोकर स्वस्त, रंगांना पक्की आणि धुवायला सोपी आहे खरी. पण तिच्यातून वारा खेळत नाही, आणि विस्तवाजवळ ती वितळते. वितळलेला धागा कातडीला चिकटतो. बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीजवळ शेकण्याची किंवा ओवा-वावडिंगाची धुरी देण्याची पद्धत अजूनही काही घरांत आहे. बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना तो धूर नकोच. आणि तरीही शेगडी पेटणारच असेल, तर निदान कृत्रिम लोकरीचे काही त्या खोलीत बाळाच्या अंगावर असू नये.

अस्वलाचा कान सर्वांत सोपा, म्हणून सुरुवात त्याने करावी. लोकरीचा सरकता फास करा. तो बोटांना जमत नसेल तर दोन साखळ्या घालून पहिल्या साखळीच्या घरात काम करा; काही बिघडत नाही. त्यात सहा मुके खांब घाला. मुका खांब म्हणजे सुई घरात घालून लोकर ओढायची, सुईवर दोन टाके झाले की पुन्हा लोकर घेऊन दोन्हींतून एकदम बाहेर काढायची. दुसऱ्या फेरीत प्रत्येक घरात दोन-दोन, म्हणजे बारा. तिसऱ्या फेरीत एका घरात एक, पुढच्यात दोन, असे आलटून पालटून; म्हणजे अठरा. चौथी फेरी न वाढवता अठराचीच. एवढ्यात उथळ वाटीसारखा आकार तयार होतो. वीतभर धागा सोडून कापा, वाटी चपटी करून दुमडा, की साधारण साडेचार सेंटिमीटर रुंदीचा दुपदरी कान हातात येतो. फेरी कुठे सुरू झाली ते चुकू नये म्हणून पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवा. फेऱ्या मोजायला शेजारी वाटीत चिंचोके ठेवा. फेरी संपली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. कागद-पेन्सिलीपेक्षा हे बरे, कारण त्यासाठी चष्मा बदलावा लागत नाही.

मांजरीचा कान टोकदार असतो. त्यासाठी फासात चारच मुके खांब घाला आणि पुढच्या प्रत्येक फेरीत समोरासमोरच्या दोन घरांत एकेक टाका वाढवत सहा, आठ, दहा असे सोळापर्यंत जा. चपटा केला की त्रिकोण होतो. सशाच्या कानाला सहा, मग बारा, आणि नंतर न वाढवता बारा-बाराच्या बारा फेऱ्या. बोटात घालण्याच्या मोज्यासारखी नळी तयार होते. तिच्या बुडाशी चिमूट घेऊन दोन टाके मारले की कानाला मधोमध घडी पडते. सशाचे कान ताठ उभे राहावेत म्हणून आत तार, पुठ्ठा, प्लॅस्टिकची पट्टी असले काहीही घालू नका. ते पडू द्यावेत. पडलेल्या कानांचा ससा अधिक लोभस दिसतो, असे माझे मत आहे. हत्तीच्या कानांचा मोह गणपतीच्या दिवसांत अनेकांना होतो. ते मोठे पापुद्रे वाऱ्याने बाळाच्या तोंडावर येतात, तेव्हा तो मोह आवरलेला बरा.

कान विणण्यापेक्षा तो कुठे बसवायचा, यात खरे कौशल्य आहे. प्राणी कोणता ते आकार निम्मे सांगतो, उरलेले जागा सांगते. तोच गोल कान शेंड्यापासून एक तृतीयांश खाली, दोन्ही बाजूंना दूर दूर बसवला तर अस्वल होते. शेंड्याजवळ आणून थोडा मोठा केला तर उंदीर. मांजरीच्या कानांची बुडे तिरपी हवीत, आतली कड वर, बाहेरची खाली. सशाचे कान माथ्यावर एकमेकांजवळ. वासराचे कान खाली, आडवे, जवळजवळ बाळाच्या स्वतःच्या कानांच्या रेषेत. हे आधी पाहायचे असेल तर टोपडे एखाद्या सोललेल्या मध्यम नारळावर चढवा. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण तेहेतीस ते पस्तीस सेंटिमीटर असतो, नारळही जवळपास तेवढाच भरतो. कान टाचणीने लावू नका, कच्च्या टाक्याने लावा. टाचणी विसरली जाते, आणि ती कुठे विसरली हे बाळाच्या रडण्यावरून कळण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

जागा ठरली की बोथट लोकरीच्या सुईने कान शिवून टाका. बूड सरळ रेषेत न शिवता किंचित कमानीत शिवले की कान आपोआप उभा राहतो. आधी पुढचा पदर, मग मागचा, असे दोन्ही पदर टोपड्याला पक्के करा. कान मागच्या बाजूला सरकू देऊ नका, आणि त्यात कापूसही भरू नका. बाळ बराच वेळ पाठीवर असते. मागे गाठोडे असेल तर मान पुढे ढकलली जाते.

उरलेला धागा कानाच्या पोकळीत चार-सहा वेळा आडवा-उभा ओवून संपवा. टोपड्याच्या आत एकही सुटा दोरा राहता कामा नये. हे मी जरा आवर्जून सांगते आहे. लहान बाळाच्या बोटाला सुटा धागा किंवा आईचा गळलेला केस गुंडाळला जातो, तो आवळत जातो, बोट सुजते, आणि बाळ का रडते आहे ते कोणालाच कळत नाही. हातमोज्यांत आणि पायमोज्यांत हे अधिक घडते, पण टोपडे ओढून हातात घेणारी बाळेही असतातच. अकारण रडणाऱ्या बाळाची हाता-पायांची सगळी बोटे एकदा उलगडून पाहावीत. आणि बोटाला असा वेढा बसलेला दिसला तर तातडीने डॉक्टरांकडे जावे.

त्याच कारणासाठी मणी, टिकल्या, घुंगरू, प्लॅस्टिकचे डोळे हे सारे वर्ज्य. चार-पाच महिन्यांचे झाले की बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते. डोळे हवेतच तर लोकरीने भरून काढा. हनुवटीखाली बांधायचे बंद आपल्या जुन्या टोपड्यांना असत आणि त्यांचे गोंडे फार देखणे असत. पण गळ्याभोवतीचा बंद केव्हा फास होईल याचा नेम नसतो, म्हणून तेही नकोत. दृष्ट लागू नये म्हणून टोपड्याला काळा मणी लावण्याचा कोणाचा आग्रह असेल तर त्यावर एक तोड आहे. कानाच्या आतल्या बाजूला काळ्या लोकरीचा एकच टाका घालावा. मणी सुटून घशात जाईल ही भीती राहत नाही आणि ज्यांना समाधान हवे त्यांना ते मिळते.

सगळे झाल्यावर कान मुठीत धरून चांगला जोराने ओढून पाहा. हयगय करू नका. बाळही करणार नाही. मग टोपडे सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, न पिळता, टॉवेलवर पसरून सावलीत वाळवा आणि त्यानंतरच बाळाच्या डोक्यावर चढवा.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळू. असे दृश्य अनेक घरांत दिसते : आजीने प्रेमाने टोपडे घातले, आणि थोड्या वेळाने सून किंवा लेक येऊन ते अलगद काढून ठेवते. बोलत कोणीच नाही. पण आजीच्या मनाला लागते, आणि संध्याकाळच्या चहात ते उतरते. यात बरोबर कोण, असे तुम्ही विचाराल. दोघीही बरोबर आहेत. फक्त त्यांच्या वेळा वेगळ्या आहेत.

जन्मल्या जन्मल्या बाळ ओले असते आणि अंगातली ऊब झपाट्याने गमावते. मोठ्या माणसाच्या शरीराच्या पृष्ठभागात डोक्याचा वाटा सुमारे दहावा असतो, नवजात बाळात तो जवळजवळ पाचवा असतो. म्हणून जन्मानंतर त्याला पुसून कोरडे करून डोक्यावर टोपी घालतात. कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची ‘कांगारू मदर केअर’ ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली आणि आज आपल्या रुग्णालयांतही रुळली आहे. त्यात बाळाच्या अंगावर लंगोटाखेरीज जवळपास काही नसते, पण डोक्यावर टोपी असते. जुन्या बायका डोके झाका म्हणत, त्यात तथ्य होते ते असे.

पण पूर्ण दिवसांचे, चांगल्या वजनाचे बाळ घरी आले, खोली उबदार आहे, मे महिना आहे, तर गोष्ट बदलते. नको असलेली उष्णता बाळ मोठ्या प्रमाणात डोक्यातूनच बाहेर टाकते. झोपेत अंग अति तापणे आणि बाळ झोपेतच अचानक दगावणे यांचा संबंध वैद्यकशास्त्राने नोंदवलेला आहे. शिवाय सैल टोपडे सरकून नाकावर येऊ शकते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०२२ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार, जन्मानंतरचे पहिले काही तास आणि नवजात अतिदक्षता विभाग सोडला, तर घरात बाळाच्या डोक्यावर टोपी ठेवू नये. लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणाऱ्या आजीला तिथल्या डॉक्टरांकडून हे हमखास ऐकावे लागते. तेव्हा झोपताना टोपडे नाही, हा नियम तुम्हीच आपणहून जाहीर करून टाका. महाबळेश्वरच्या थंडीत बाहेर फिरताना, परदेशातल्या हिमात, पहाटेच्या प्रवासात टोपडे जरूर घाला; घरात आल्यावर काढा. बाळाला गरम होते आहे का ते हातपाय चाचपून कळत नाही. मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून पाहा. तिथे घाम किंवा चटका जाणवला तर एक कपडा कमी करा. टाळूची काळजी करणाऱ्यांसाठी एवढेच, की पुढची टाळू साधारण बारा ते अठरा महिन्यांत आपल्या गतीने भरते. टोपड्याने ती लवकर भरत नाही आणि टोपडे काढल्याने उघडी पडत नाही.

म्हणजे कानांचे टोपडे दिवसातून तासभर घातले जाणार, कधी फोटोपुरते, कधी अंगणापुरते. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप का, असे कोणी विचारील. देवघरातली चांदीची निरांजनेही रोज कुठे निघतात?

घरातल्या आजारी वा विसरभोळ्या होत चाललेल्या वडीलधाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्यांशी आता थोडे बोलायचे आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये सत्तर ते एकोणनव्वद वर्षे वयाच्या तेराशेहून अधिक व्यक्तींचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. विणकामासारख्या हस्तकला, वाचन, बैठे खेळ यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतीचा सौम्य ऱ्हास कमी आढळला. यावरून ‘विणा आणि विसरभोळेपणा टाळा’ असे घोषवाक्य करू नये. ज्यांचे मन मुळात तरतरीत आहे तेच विणायला बसतात, असेही असू शकते. पण एक गोष्ट शुश्रूषा करणाऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातली आहे. नातवाचे नाव आठवत नसलेल्या आजीच्या हातात सुई आणि लोकर दिली, तर बोटे कित्येकदा आपोआप साखळी घालू लागतात. हातांनी वर्षानुवर्षे केलेले काम मेंदूच्या वेगळ्या कप्प्यात असते, आणि तो कप्पा पुष्कळ उशिरा रिकामा होतो.

अशा व्यक्तीला अख्खा कान सांगू नका. सुरुवातीचा फास आणि पहिली फेरी तुम्ही करून द्या, पुढची त्यांना करू द्या. मोजणी तुमच्याकडे ठेवा. अठराचे बावीस टाके झाले तर होऊ द्या. एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा झालेले अस्वल बाळाला चालते. त्यांच्यादेखत उसवू नका. उसवायचेच असेल तर ते निजल्यावर, आणि तेही कान सुटण्याचा धोका असेल तरच. ‘हे काय केलेत आई?’ या एका वाक्याने ती सुई पुन्हा कधीच हातात घेतली जाणार नाही, असे होऊ शकते. कात्री आणि शिवायची सुई मात्र तुमच्या ताब्यात असावी, आणि काम संपल्यावर ती डब्यात परत गेली की नाही ते रोज मोजून पाहावे. घरात बाळ रांगते आहे, आणि विसरणारे माणूसही आहे.

पक्षाघातानंतर एक हात अधू झाला असेल, तर त्या हाताने लोकरीचा गुंडा नुसता मांडीवर दाबून धरणे किंवा विणलेला कान बोटांखाली चपटा करणे, एवढेही काम होऊ शकते. ते फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवा. कंपवात असेल तर पाच-सहा मिलिमीटरची जाड सुई आणि जाड सुती धागा घ्या; टाके मोठे पडतात, कमी लागतात आणि कान जरा राकट होतो. आणि हे सारे फक्त आजींपुरते आहे असे समजू नका. चपला-कुलपे दुरुस्त करण्यात, रेडिओ खोलण्यात ज्यांची हयात गेली त्या आजोबांना सहा, बारा, अठरा हे गणित बायकांपेक्षा लवकर कळते, असेही पाहण्यात आहे. त्यांना ‘विणकाम’ म्हणू नका, ‘नातवाच्या टोपीची दुरुस्ती’ म्हणा.

राहिला प्रश्न बाळ वाढल्यावरचा. जन्मावेळी पस्तीस सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर तीन महिन्यांत चाळिसाच्या आसपास जातो, सहा महिन्यांत त्रेचाळिसाच्या, आणि वर्षाला पंचेचाळीस-शेहेचाळीस होतो. म्हणजे पहिल्या वर्षात तीन टोपडी तरी लहान होणार. कान मात्र लहान होत नाहीत; साडेचार सेंटिमीटरचा कान वर्षाच्या बाळालाही शोभतो. म्हणून कान शिवताना जोडणीसाठी किंचित वेगळ्या छटेचा धागा वापरा. पुढे तेवढाच धागा ओळखून कापता येईल आणि विणलेल्या टाक्यांना कात्री लागणार नाही. जुने टोपडे धुऊन कोणा गरजू बाळाला द्या. कान नव्या टोपड्यावर बसवा, पुन्हा नारळावर चढवून जागा पाहा, पुन्हा ओढून पाहा. धुऊन धुऊन ते आता पहिल्यापेक्षा मऊ झालेले असतील.